बिनड्रायव्हरची गाडी

बजरंगभाऊंची नोकरी जाणार हे मला त्यांच्या आधी आठ महिने माहीत होतं. मी ते त्यांना सांगितलं नाही. त्यांनी तोंडावर विचारलं तेव्हाही सांगितलं नाही.

मी लिंबागणेशचा. गणपतीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या वडिलांचं, विरुपाक्षअप्पांचं, किराणा दुकान आहे. दुकानात बसायचं नाही एवढंच मला लहानपणी ठाऊक होतं. बीडच्या पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. त्या वर्षांत बाहेरच्या कंपन्या देशात येऊ लागल्या होत्या. आधी औरंगाबादला एका कारखान्यात लागलो, मग पुण्याला, आणि दोन हजार पाच साली थेट आखातातल्या एका शहरात. तिथं विमानतळापासून शहरात जाणारी नवी रेल्वे बांधत होते. उंच खांबांवरून जाणारी, अकरा स्टेशनांची. ती चालवायला कुणी बसणार नव्हतं. सुटायचं कधी, थांबायचं कुठं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, सगळं कंट्रोल रूममधलं कॉम्प्युटर ठरवणार होतं.

मी त्या शहरात उतरलो त्या दुपारी विमानतळाबाहेर बस उभी होती. मी मागच्या बाकावर बसून घरी फोन लावला. आईला ऐकू येईना म्हणून ओरडून बोलत होतो, "पोचलो आई, पोचलो! जेवलो हाय विमानात!" फोन ठेवला तर ड्रायव्हर आरशातून माझ्याकडं बघत होता.

"कुणाकडचं बे तू?" त्यानं विचारलं.

परक्या देशात, चाळीस माणसांच्या बशीत असा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "बीड. लिंबागणेश."

"मी तेलगावचा!" ड्रायव्हर म्हणाला आणि लाल सिग्नलला अख्खा मागं वळून हसला.

ते बजरंगभाऊ. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. तेलगावला आधी उसाचे ट्रक चालवले, मग आठ वर्षांपासून ही विमानतळाची बस. बायको विजयमालावहिनी आणि दोन लेकरं गावी. माझी राहायची सोय व्हायला बारा दिवस लागले, ते बारा दिवस त्यांनी मला स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं. भाकरी ते थापायचे, ठेचा मी वाटायचो. मी लिंगायत घरातला. मांसाचं काही खात नाही, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासाठी वेगळी कढई आणली. सुट्टीवर गावी गेले की वाट वाकडी करून लिंबागणेशला माझ्या आईवडिलांना भेटून यायचे. आई त्यांना मोठा लेकच म्हणायची.

माझ्याकडं काम आलं ते दारांचं. गाडी प्रत्येक स्टेशनात किती सेकंद थांबवायची हे आधी ठरवावं लागतं. शहरातल्या स्टेशनात माणसं मोकळ्या हातानं चढतात, विमानतळावर बोचकी, खोकी, पेट्या घेऊन. साहेबांनी मला सांगितलं, विमानतळाच्या बसमध्ये बस आणि माणसं मोज. कोण किती सामान घेऊन चढतो, किती वेळ लागतो, सगळं लिही.

मी साहजिकच बजरंगभाऊंच्या बशीत बसू लागलो. हातात घड्याळ, मांडीवर वही. पहिल्या आठवड्यात माझे आकडे काही जुळेनात. भाऊ बघत होते. एकदा शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाल्यावर म्हणाले, "तू पाय बघायलास. पायाकडं बघून कळत न्हाई बे. खांदा बघ. माणूस चढायचं ठरवतो तवा आधी खांदा वळतो. म्हाताऱ्या माणसाचा खांदा वळला की दार धरून ठेवायचं, मग पाय उचलायला त्याला कितीबी वेळ लागू दे."

पुढं रोज ते मला काही ना काही सांगत. खोकं घेतलेला माणूस आधी खोकं चढवतो आणि मग स्वतः चढतो, म्हणून त्याला दोनदा वेळ द्यायचा. बाई लेकराला घेऊन असली तर ती दारात थांबून मागं बघते, नवरा आला का म्हणून; ती आत आली म्हणजे झालं असं समजायचं नाही. मी ते सगळं लिहून घेतलं, त्याचे तक्ते केले. शहरातल्या स्टेशनांना वीस सेकंद, विमानतळाला पंचेचाळीस, आणि दारात कुणी रेंगाळलं तर आणखी दहा. अहवालावर माझं नाव होतं. साहेबांनी मीटिंगमध्ये तो वर धरून दाखवला. भाऊंचं नाव त्यात कुठंच नव्हतं. मला ते त्या वेळी खटकलंही नाही, हे आज लिहिताना जास्त लागतं.

श्रावणात एक कागद माझ्या टेबलावर आला. रेल्वे सुरू झाली की विमानतळाची बस बंद. ड्रायव्हरांना पंधरा दिवसांची नोटीस आणि परतीचं तिकीट. खाली एक ओळ होती: ही माहिती आत्ताच बाहेर जाऊ देऊ नये, नाहीतर ड्रायव्हर सोडून जातील आणि रेल्वे सुरू होईपर्यंत बस चालवायला माणूस उरणार नाही.

कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवला. माझं काम तात्पुरतं होतं. कायम करायचं की नाही हे वर्षअखेर ठरणार होतं.

दिवाळीच्या आठवड्यात भाऊ माझ्या खोलीवर आले. दोन तासांवरच्या गावात एका तेल कंपनीला कामगारांच्या बसवर ड्रायव्हर हवे होते. दोन वर्षांचा करार. भाऊंना बोलावणं आलं होतं.

"जाऊ का न्हाई ते समजंना," ते म्हणाले. "इथली बस सोडावी वाटत न्हाई. पर लोक म्हणतेत, तुमची गाडी आली की आमचं दुकान बंद. तू आत बसतोस. तुला मालूम असंल. बस राहती का जाती?"

ते माझ्या पलंगावर बसले होते. हातात मी दिलेला चहा. मी म्हणालो, "राहणार भाऊ. गाडी अकराच ठिकाणी थांबणार. मधल्या वस्त्यांतल्या माणसांना बसच लागणार."

"नक्की?"

"नक्की."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि निवांत चहा प्यायले. माझ्यासमोरच त्यांनी विजयमालावहिनींना फोन लावला. "विशू म्हणतो राहती. त्यो सांगतो म्हंजे खरंच असणार." दुसऱ्या दिवशी त्यांनी तेल कंपनीला नाही म्हणून कळवलं. जानेवारीत मी कायम झालो.

चैत्रात रेल्वे सुरू झाली. पहिल्या दिवशी कर्मचाऱ्यांना घरची माणसं आणायची परवानगी होती. माझं तिथं दुसरं कोण होतं? मी भाऊंना घेऊन गेलो. ते गाडीच्या अगदी पुढच्या काचेशी जाऊन उभे राहिले. जिथं ड्रायव्हर असायला हवा तिथं नुसती काच, आणि समोर पसरलेले रूळ. विमानतळाच्या स्टेशनात एक म्हातारा दोन पेट्या ओढत आला. एक पेटी आत ठेवली, दुसऱ्या पेटीकडं वळला. दार उघडंच राहिलं. तो चढला, मग दार मिटलं.

"थांबली बे!" भाऊंनी माझा दंड धरला. "बराबर थांबली!" त्यांचे डोळे भरून आले होते. मी काचेतून बाहेर बघत राहिलो.

चार दिवसांनी त्यांना नोटीस मिळाली. ते मला विचारायला आले नाहीत. वरच्या लोकांनी मलाही फसवलं असंच त्यांनी धरलं असणार. उलट निरोप पाठवला, अमुक दिवशी जातोय, भेटून जा. मी कळवलं, ड्युटी आहे.

ड्युटी होती, हे खरं. मी कंट्रोल रूममध्ये होतो, आणि कंट्रोल रूम ज्या इमारतीत होती तिच्याच खाली शहरातलं शेवटचं स्टेशन. बस बंद झालेली, म्हणून भाऊ विमानतळाला आमच्याच गाडीनं निघाले. मला ते समोरच्या पडद्यावर दिसले. दोन बॅगा, एक दोरीनं बांधलेलं खोकं. ते बाकावर बसले नाहीत. जिन्याकडं बघत उभे राहिले. मी सुट्टी मागितली असती तर दोन मिनिटांत खाली पोचलो असतो. एक गाडी आली, गेली. त्यांनी ती सोडली. दुसरी आली, गेली. तिसऱ्या गाडीत त्यांनी आधी खोकं चढवलं, मग बॅगा, मग स्वतः चढले. मी खुर्चीतून उठलो नव्हतो.

त्यानंतर वर्षभरात त्यांचा चार वेळा फोन आला. पडद्यावर भारताचा नंबर दिसायचा, बीडचा कोड दिसायचा. मी उचलला नाही.

पुढच्या वैशाखात मी सुट्टीवर घरी आलो. पहिल्याच संध्याकाळी आईनं, महादेवीबाईंनी, दुकानाच्या पायरीवर बसून विचारलं, "बजरंगला कावून काढलं रे तिथून? खरं सांग."

"का?"

"तो आलता इथं, तिकडून आल्या आल्या. म्हणला, ड्रायव्हरबिगर चालणारी गाडी आली, म्हणून आमाला काढलं. आता तूच सांग, अशी गाडी असती का कुठं? तेलगावात लोक म्हणतेत त्यानं बस ठोकली, माणूस मेलं, म्हणून हाकलला. त्याच्या हाती कुणी गाडी देत न्हाई. तुला कितींदा फोन केला म्हणं, तू सांगशील म्हणून."

मी रेल्वेत आहे एवढंच घरी माहीत होतं. कसल्या रेल्वेत, हे मी कधी नीट सांगितलंच नव्हतं. मी आईला म्हणालो, "असती, आई. मीच तिथं काम करतो." ती पायरीवरून उठली. मग म्हणाली, "मग उद्या जा की. तुझ्या तोंडानं सांग लोकांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मांजरसुंबा, पालीचं धरण, बीड. बीडहून वडवणीमार्गे तेलगावची एसटी. चौकात उतरलो तर रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर बजरंगभाऊ एका ट्रकमध्ये डिझेल भरत होते. वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. दाढी पांढरी झाली होती. त्यांनी मला पाहिलं आणि नळी तशीच हातात धरून ओरडले, "विशू! कवा आला बे?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी ट्रकवाल्याला, पंपावरच्या दोघांना, शेजारच्या टपरीवरच्या माणसांना हाका मारल्या. "हाच त्यो! त्या गाडीचा इंजिनेर! आता इचारा ह्याला. मी लबाड बोलतो म्हणता ना? इचारा."

माणसं जमली. एकानं विचारलं, "काय साहेब, खरंच ड्रायव्हर नसतो?"

"नसतो," मी म्हणालो. "एकही नसतो. म्हणूनच बस बंद झाली आणि सगळे ड्रायव्हर घरी पाठवले. बजरंगभाऊंच्या हातून नऊ वर्षांत साधा ओरखडासुद्धा पडला नाही."

भाऊंनी माझ्या खांद्यावर हात टाकला. टपरीवाल्यानं चहा आणला. मला वाटलं, झालं. एवढ्यावरच निभावलं. त्यांची इज्जत परत मिळाली, ती मी मिळवून दिली. उरलेलं कशाला उकरायचं? जेवायला घरी चल म्हणाले तेव्हा मी जवळजवळ आनंदात त्यांच्यामागं गेलो.

घरी विजयमालावहिनींनी पिठलं-भाकरी केली होती. भाऊंनी पंपावर घडलेलं सगळं दोनदा सांगितलं. वहिनी तव्यापुढून उठून आल्या, पदरानं तोंड पुसलं. "म्हंजे ती गाडी खरंच हाय?" त्यांनी मलाच विचारलं.

"हाय, वहिनी."

त्या खाली बसल्या. "वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "मी ह्यांला तोंडानं कधी बोलले न्हाई, पर मनात माझ्याबी आलतं. काय तरी लपवतेत म्हणून. एकदा ह्यांच्या बॅगा उचकल्या मी, पोलिसांचा कागद सापडतो का बघाया." त्या भाऊंकडं बघेनात. भाऊही ताटाकडं बघत होते. हे त्यांना आत्ताच कळत होतं.

मग वहिनी माझ्याकडं वळल्या. "तुमी म्हणलातात बस राहती, म्हणून हे थांबले. न्हाईतर त्या तेल कंपनीत लागले असते. पर तुमाला तरी काय ठाऊक असणार भावजी. मोठ्या लोकांचा कारभार."

त्यांनी मला निसटायला वाट करून दिली होती. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण त्या बाईनं माझ्यामुळं नवऱ्याच्या बॅगा उचकल्या होत्या, आणि ती मलाच समजून घेत होती. घास माझ्या हातातच राहिला.

"मला ठाऊक होतं," मी म्हणालो.

मग भाऊंनी विचारलं, "कवा?"

"श्रावणात. कागद आला होता माझ्याकडं."

"मी तुला दिवाळीत इचारलं."

"हो."

"मग कावून न्हाई सांगितलं?"

"सांगायचं न्हाई असा हुकूम होता," मी म्हणालो, आणि म्हणतानाच कळलं की हे अर्धंच आहे. "आणि मला कायम व्हायचं होतं, भाऊ. तुम्ही सोडून गेला असता, मग दुसरेही गेले असते, तर माझ्यावर आलं असतं. भ्यालो मी."

"आन् जायच्या दिवशी?"

"वर होतो. पडद्यावर दिसत होता तुम्ही. आलो न्हाई."

भाऊंनी ताट बाजूला सारलं. हात धुतले, खूप वेळ धुतले. परत आले तेव्हा चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. मला वाटलं होतं मारतील, शिवी देतील. ते म्हणाले, "उठ. अर्जुनरावांकडं चल."

अर्जुनराव तेलगावचे पुढारी. त्यांच्या संस्थेची शाळा होती आणि शाळेच्या तीन बसा. भाऊ वर्षापूर्वी काम मागायला गेले होते. अर्जुनरावांनी विचारलं होतं, चांगल्या ड्रायव्हरला असं पंधरा दिवसांत कोण काढतं, आणि दुसरीकडं बोलावणं आलं होतं म्हणतोस तर गेला का नाहीस? भाऊंनी दिलेलं उत्तर त्यांना पटलं नव्हतं. लेकरांच्या बसवर संशयाचा माणूस नको म्हणून त्यांनी परत पाठवलं होतं.

"तिथं सगळं सांगायचं," रस्त्यानं भाऊ म्हणाले. "नुसतं गाडीचं न्हाई. सगळं."

अर्जुनराव ओसरीत चारपाच लोकांसोबत बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं. गाडी कशी चालते ते. ती दारात माणसासाठी थांबते ते बजरंगभाऊंनी शिकवलं म्हणून, आणि अहवालावर मी माझं एकट्याचं नाव घातलं ते. कागदाचं सांगितलं. दिवाळीचं सांगितलं. तेल कंपनीला यांनी माझ्या शब्दावर नकार दिला हेही सांगितलं. लोक आधी गाडीच्या गोष्टीला हसत होते, मग हसायचे थांबले.

अर्जुनरावांनी सगळं ऐकून घेतलं. भाऊंना म्हणाले, "बजरंग, जूनमध्ये शाळा भरते. पहिल्या तारखेपासून ये. माझी चूक झाली." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "विरुपाक्षअप्पांचा मुलगा ना तू? अप्पांच्या दुकानातून लिंबागणेशचे लोक डोळे झाकून माल नेतात." एवढंच बोलून ते दुसऱ्या माणसाशी बोलू लागले.

परत चौकात आलो. ऊन कलायला लागलं होतं. मी म्हणालो, "भाऊ, माफ करा."

"मला अजून राग यायचाय," ते म्हणाले. "आत्ता नुसतं रिकामं वाटायलंय. नऊ वर्षांत तिकडं माझं म्हणावं असं एकच माणूस होतं." त्यांनी गमछ्यानं मान पुसली. "तू आज सांगितलंस ते बरं केलंस. विजयमालाला तरी आता नीट झोप लागंल. पर मला तू पुन्यांदा भेटायला यायचं का न्हाई, ते मी ठरवणार. तू न्हाई."

बीडची गाडी लागली होती. मी चढलो. ते थांबले नाहीत. पंपावर त्यांची पाळी राहिली होती.

अहवालाचं मी परत गेल्यावर साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, आता त्याचा काय उपयोग, आणि फाइल मिटली. भाऊ जूनपासून शाळेची बस चालवतात. हे मला आईकडून कळलं. भाऊ अजूनही लिंबागणेशला येतात, आईला भेटतात, मी गावी नसलो की.

गेल्या दिवाळीत मी फोन केला. विजयमालावहिनींनी उचलला. मुलं कशी आहेत विचारलं. थोरली यंदा दहावीला आहे म्हणाल्या. पाऊस बरा झालाय म्हणाल्या. मी भाऊंबद्दल विचारलं.

"ते बाहेर गेलेत," वहिनी म्हणाल्या.

मागं कुणीतरी खोकलं. तो खोकला मी बारा दिवस एका खोलीत ऐकला होता. "बरं," मी म्हणालो. "मी फोन केलता एवढं सांगा." त्या हो म्हणाल्या, आणि थोडं थांबून, हळूच, त्यांनी फोन ठेवला.